पाण्याच्या आधी पोचलेले साडेचार हजार टका

बांगलादेशात पावसाळ्यात जे समुद्रासारखं दिसतं ना, ती नदी आहे. आपली ब्रह्मपुत्राच, इथे शिरली की तिला जमुना म्हणतात, आणि मधेमधे दिसणारी ती वाळूची बेटं म्हणजे चर. त्यावर माणसं राहतात, गोठे, भात, ताग, कोंबड्या, सगळा संसार तिथेच.

१९८८ ला या देशाचा जवळपास ६० टक्के भाग पाण्याखाली गेला, ढाक्यात रस्त्यांवर होड्या फिरल्या. तेव्हा कुठे जगाला जाग आली. १९८९ मधे पॅरिसला जी-७ देशांच्या बैठकीत विषय निघाला, वर्ल्ड बँकेने सूत्रं हातात घेतली आणि फ्लड अॅक्शन प्लॅन नावाचा २६ भागांचा कार्यक्रम सुरू झाला. फ्रेंच इंजिनिअर्सचं म्हणणं, नद्यांना दोन्ही बाजूंनी उंच बांध घालून टाका. खर्च? अब्जावधी डॉलर.

आता गंमत बघा, इथल्या शेतकऱ्याकडे पुराला दोन शब्द आहेत, बर्षा आणि बोन्ना. बर्षाचं पाणी दरवर्षी येतं, गाळ देतं, मासे देतं, ते हवंच असतं. नको असतो तो बोन्ना, सगळं बुडवणारा पूर. बांध घातला की दोघंही बाहेर! टांगाइल जिल्ह्यात डच आणि जर्मन पैशातून प्रयोग सुरू झाला तेव्हा लोक विरोधात उतरले ते उगीच नाही. नदीभर बांध काही झाले नाहीत, आणि बरंच झालं म्हणायचं.

खरा फायदा झाला तो पुराचा अंदाज सांगायच्या कामाचा, ज्याच्यासमोर रिबीन कापून फोटो काढता येत नाही. ढाक्यात पूर अंदाज केंद्र १९७२ पासून होतंच, डेन्मार्कच्या मदतीने तिथे कॉम्प्युटर मॉडेल आलं. पण नद्यांचं ९० टक्क्यांहून जास्त पाणलोट क्षेत्र देशाबाहेर, मग नुसत्या स्वतःच्या नदीतल्या गेजवर, म्हणजे पाणी मोजायच्या पट्टीवर बसून किती पुढचं दिसणार? पुढे अमेरिकन मदतीतून हवामानाचे अंदाज जोडले गेले आणि २००७ च्या पुरात काही गावांना १० दिवस आधी कळलं. १० दिवस म्हणजे गुरं हलवता येतात, तळ्यातले मासे काढून विकता येतात.

तरी एक गोष्ट राहतेच. अमुक स्टेशनला पाणी धोक्याच्या पातळीवर इतके सेंटिमीटर, हे ऐकून चरावरच्या बाईला काय कळणार, माझ्या चुलीपर्यंत येणार का ते सांगा ना. आणि समजा कळलं, तर हातात पैसा नको?

मदत म्हणजे एरवी वरातीमागून घोडं. जुलै २०२० ला उलटं झालं. ४ तारखेला पुराच्या अंदाजाने आधीच ठरवून ठेवलेली धोक्याची रेषा ओलांडली आणि संयुक्त राष्ट्रांच्या फंडातले ५२ लाख डॉलर मोकळे झाले, पुराने कळस गाठायच्या आधीच २३ हजारांवर कुटुंबांच्या मोबाईलवर बिकॅशने, म्हणजे तिथल्या मोबाईल पैशांच्या सेवेने, साडेचार हजार टका (बांगलादेशचं चलन) जमा. नंतर पाहणी झाली तर या घरांत अख्खा दिवस उपाशी काढायची वेळ ३६ टक्क्यांनी कमी आली होती.

काहींना सोबत झाकणाचे प्लास्टिकचे ड्रमही मिळाले. बियाणं आणि अवजारं आत टाकायची, झाकण घट्ट लावायचं, मग पाणी आलं तरी येऊ दे.