तिन्हीसांजेची विहीर आणि तीस मिलिअँपिअर

श्रोतेहो, नमस्कार.

गणपती तोंडावर आलेत. आत्ता कोकणातल्या घराघरात कोणीतरी शिडीवर चढलेलं आहे आणि कोणीतरी खालून "जरा डावीकडे, अजून थोडं" म्हणतंय. माळा, फोकस, मखरातलं फिरतं चक्र, मुंबईकरांसाठी जादा पंखे, सकाळी गीझर, रात्री प्रत्येक प्लगला दोन-दोन मोबाईल. वर्षभर दोन बल्ब आणि एका टीव्हीवर चालणारं घर दहा दिवस लॉज होऊन जातं. वायरिंग मात्र आजोबांच्या वेळचंच. म्हणून रेडिओ केंद्रातल्या मंडळींनी म्हटलं, यंदा वायरमनलाच बोलवू. आलोय.

आज मला मुख्य गोष्ट एकच सांगायची आहे, आणि ती मी दोन-तीनदा सांगणार आहे. स्वयंपाकघरातून ऐकणाऱ्यांचं कुकरच्या शिट्टीत एखादं वाक्य हुकतं, म्हणून.

बहुतेक घरांत आता जुन्या किटकॅट फ्यूजच्या जागी एमसीबी, म्हणजे करंट वाढला की आपोआप पडणारे खटके, आलेत. ते बरंच झालं. फ्यूज गेला की त्यात मिळेल ती जाड तार गुंडाळायची आपल्याकडची जुनी खोड, ती त्यामुळे गेली. पण एमसीबी बसवला म्हणजे शॉक लागणार नाही, असं लोक धरून चालतात, तिथे गफलत आहे. एमसीबी 16 अँपिअरचा असेल तर वायरीतून त्याहून बराच जास्त करंट वाहू लागल्यावर तो पडतो. माणसाचा जीव घ्यायला एवढा करंट लागतच नाही. अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर. असे तीस-चाळीस मिलिअँपिअर छातीतून काही क्षण गेले तरी माणूस धोक्यात येतो. एमसीबीच्या दृष्टीने तेवढा करंट म्हणजे काहीच नाही. तुम्ही चिकटून बसलेले असाल आणि तो आपला वर, चालूच्या चालू.

माणसासाठी वेगळी डबी असते. आरसीसीबी. जुने लोक ईएलसीबी म्हणतात, दुकानात तसं मागितलंत तरी कळतं. फेजमधून, म्हणजे येणाऱ्या वायरीतून, किती करंट गेला आणि न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या वायरीतून, किती परत आला, एवढाच हिशोब ती ठेवते. 30 मिलिअँपिअरचा फरक दिसला, म्हणजे करंट कुठेतरी भिंतीत, जमिनीत किंवा माणसात चाललाय, की 0.3 सेकंदाच्या आत घराची लाईट बंद. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो. परत सांगतो. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो.

आता हे तुम्हाला का पटावं, त्यासाठी एक हकिगत सांगतो. आमच्या घरच्यांना ती पाठ झाली आहे, पण तुम्ही नवे आहात.

देवगडच्या बाजूचं एक गाव. नाव सांगत नाही, कारण घरातली माणसं अजून मला चहा देतात. श्रावणातले दिवस, मी गेलो होतो गणपतीच्या खोलीत दोन पॉइंट काढायला. जांभ्याचं जुनं घर, मागे विहीर, विहिरीच्या कठड्यावर लोखंडी अँगल, त्याला कप्पी. पंप होता, पण पिण्याचं पाणी बायका कळशीने काढायच्या. पंपाच्या पाण्याला चव नाही म्हणायच्या. त्यावर माझंही दुमत नाही, पण ते असो.

काम करताना लक्षात आलं, संध्याकाळ व्हायला लागली की घरातल्या बाया विहिरीकडे जायला कां-कू करतात. धाकट्या वहिनींना विचारलं, तर त्या आधी हसल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "भावजी, थंय काय तरी आसा. कळशी वर घेतलंय की हात धरता कोण तरी." मी म्हटलं, धरतो म्हणजे? तर मनगटापासून कोपरापर्यंत कळ. रोज नाही. दिवसा कधीच नाही. फक्त तिन्हीसांजेला.

घरातल्या पुरुषांचं म्हणणं, बायकांचे भास. कारण त्यांनी जाऊन हात लावला तर काहीच होत नव्हतं. आणि आजीचं म्हणणं तिसरंच. आषाढ लागायच्या आधी विहिरीवरच्या आंब्याची एक फांदी तोडली होती. तो आंबा राखणदाराचा, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाचा. फांदी तोडली आणि हे सुरू झालं. आजीने मला स्पष्ट सांगितलं, "झिला, तू तुजा काम कर. ह्या वायरचा नाय, ह्या राखणदाराचा आसा." गाऱ्हाणं घालून झालं होतं, राखण द्यायची ठरली होती. श्रावण होता म्हणून कोंबडा थांबलेला.

मी काही बोललो नाही. आपल्याकडे राखणदारावर वायरमनने बोलू नये. पण एक विचारलं. मध्ये चार दिवस गावात लाईट नव्हती, कंदील घेऊन पाणी काढत होतात, तेव्हा कोणाचा हात धरला का? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. नव्हता धरला. आजी म्हणाली, "तेवा तो शांत होतो."

मग मी उठून विहिरीवर गेलो. अँगलला वरती एक लोखंडी पाईप वेल्ड केलेला, त्याच्या टोकाला बल्ब. बटण घराच्या मागल्या दाराशी. अंधार पडू लागला की बटण दाबायचं आणि पाणी काढायला जायचं. आता आलं लक्षात? तिन्हीसांजेला म्हणजे बल्ब लागल्यावर. बटण दाबून घेतलं, टेस्टर लावला, दिवा पेटला. मीटरचं एक टोक अँगलला लावलं, दुसरं ओल्या मातीत खोचलेल्या स्क्रूड्रायव्हरला. सत्तर-ऐंशी व्होल्ट. बटण बंद केलं, शून्य.

कळशी काठावर आली की बाई काय करते? डावा हात आधाराला अँगलवर टेकवते आणि उजव्या हाताने कळशी कठड्यावर ओढून घेते. पाय अनवाणी, खाली शेवाळलेला ओला दगड. करंट डाव्या हातातून शिरून पायातून जमिनीत. मधे छाती. आणि घरातले पुरुष जाऊन बघायचे ते रबरी स्लिपर घालून. त्यांना काय लागणार! तोच प्रयोग अनवाणी करा म्हटल्यावर थोरले दादा हात लावायला तयार झाले नाहीत, आणि मीही लावू दिला नसता.

बल्बची वायर पाईपाच्या तोंडातून आत शिरत होती. तिथे ना रबराचा बुश, ना प्लास्टिकची नळी, नुसती कापलेल्या पाईपाची धार. ती आंब्याची फांदी तोडली ना, ती पडताना ह्याच वायरीवर पडली होती. वायर तुटली नाही म्हणून कोणी बघितलं नाही, पण ताणली गेली आणि त्या धारेवर घट्ट बसली. मग वारा आहेच आपला समुद्राचा. घासून घासून तांदळाच्या दाण्याएवढं तांबं उघडं पडलं होतं, आणि त्याला खाऱ्या हवेने हिरवं चढलेलं. म्हणजे आजी म्हणत होती ते अगदी खोटं नव्हतं. फांदी तोडली म्हणूनच ते सुरू झालं.

बोर्डावर त्या लाईनला नवा कोरा एमसीबी होता. महिनाभर दर संध्याकाळी अँगल करंटमध्ये होता आणि एमसीबी एकदाही पडला नाही. कारण अँगल सिमेंटात बसवलेला, अर्थिंग, म्हणजे करंट जमिनीत उतरवणारी जोडणी, नाही, करंट झिरपत होता तो थोडा थोडा. एमसीबीने त्याचं काम चोख केलं. वायर जळाली नाही.

त्याच संध्याकाळी बल्ब तिथून काढला, दुसऱ्या दिवशी तालुक्याहून आरसीसीबी आणून मेनच्या मागे बसवला. विहिरीचा बल्ब आता प्लास्टिकच्या पाईपावर, लाकडी खांबाला, अँगलपासून लांब आहे. आणि राखण? दिली की. गणपती गेल्यावर दिली, मला मुद्दाम बोलावून वडे-सागोती वाढली. आजी म्हणाली, "तुका बुद्धी कोणी दिल्यान?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि वडे गरम होते.

असो. वेळ बराच गेला. आता बाकीचं भराभर.

अर्थिंग. आपल्याकडे याच्या दोन तऱ्हा. सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या पठारावरचं, घर असेल तर खाली जांभा. पावसाचं पाणी तो धरून ठेवत नाही, एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत. अशा वेळी अर्थिंगचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, 100 ओहमवर गेला, असं धरा. घरातले 230 व्होल्ट भागिले 100, म्हणजे फ्रीजच्या पत्र्यात फेज उतरला तरी जेमतेम सव्वादोन अँपिअर जमिनीत जाणार. एमसीबी हलणार नाही, फ्रीजचा पत्रा करंटमध्येच राहणार. आणि अर्थची हिरवी वायर घरभर एकच असते, त्यामुळे फ्रीजचा करंट मिक्सरच्या पत्र्यालाही, गीझरलाही. आरसीसीबीला मात्र 30 मिलिअँपिअर पुरतात, सव्वादोन अँपिअर म्हणजे तिच्यासाठी पूर. म्हणून सड्यावरच्या घरांना ती दुप्पट गरजेची. दुसरी तऱ्हा किनाऱ्यावरची. पुळणीत, खाडीकाठी ओल असते, अर्थिंग चांगलं मिळतं, पण लोखंडी पाईप खाऱ्या मातीत कुजतो. वरून वायर जोडलेली दिसते, खाली काही उरलेलंच नसतं. तिथे तांब्याचा मुलामा दिलेला रॉड घाला आणि तरीही अधूनमधून तपासून घ्या. सड्यावाल्यांनी उन्हाळ्यात खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जा. नळाच्या पाईपाला अर्थची वायर गुंडाळणं म्हणजे अर्थिंग नव्हे. हे मी भांडून सांगतो लोकांना.

नवं घर बांधणाऱ्यांनो, तुम्ही मॉड्युलर बटणांचे रंग निवडायला तीन दुकानं फिरता, चांगली गोष्ट आहे. अर्थिंगचा खड्डा कुठे काढलाय ते एकदा तरी बघितलंत का? तो भिंतीपासून निदान दीड मीटर लांब हवा, पाईप अडीच मीटरचा. आणि छताला ते पीओपी करून त्यात जॉइंट पुरून टाकता, दहा वर्षांनी उंदराने वायर कुरतडली की फोन मलाच. काळी गोल खटक्याची बटणं आणि लाकडी पट्टीवरचं वायरिंग दिसायला गावंढळ असेल, पण दोष कुठे आहे ते डोळ्याला दिसायचं.

वायर कितीची? दिव्या-पंख्याला दीड, प्लगला अडीच, गीझर आणि एसीला चार चौरस मिलिमीटर, तांब्याची, आयएसआय शिक्क्याची. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी जवळजवळ नऊ अँपिअर ओढते. ती सहा अँपिअरच्या छोट्या प्लगवर, मधे पांढरा अडॅप्टर लावून चालवू नका. प्लग गरम लागला किंवा पिवळा पडला तर तो जळायला लागलाय.

माळांचं सांगतो. मांडवाच्या लोखंडी पाईपाला माळ गुंडाळायची नाही, मधे लाकूड किंवा प्लास्टिक घ्या. वायरी सोलून थेट प्लगच्या भोकात काडीने खोचायची खोड अजून आहे, शिकलेल्या घरांतही आहे, ती सोडा. पावसात जॉइंट उघड्यावर नको, नुसती टेप पुरत नाही. आणि मूर्तीच्या चेहऱ्यावर तो निळसर पांढरा फोकस मारू नका हो. यात धोका काही नाही, पण शाडूच्या मूर्तीचे डोळे पिवळ्या उजेडातच बघावेत. रंगाऱ्याने रात्र रात्र जागून डोळे काढलेले असतात.

मुंबईकरांनी वर्षभर बंद असलेलं घर उघडलं की लगेच मेन ओढू नये. आधी सगळे एमसीबी खाली, भिंतींची ओल बघा, बोर्डात पाल-मुंग्यांनी घर केलंय का बघा. मग एकेक वर.

कोणाला शॉक लागून तो चिकटला तर हात लावू नका. आधी मेन बंद करा. मेन लांब असेल तर कोरड्या जागेवर उभं राहून कोरड्या लाकडाने वायर दूर करा. श्वास बंद असेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला 108 ला फोन करायला सांगा. रस्त्यात, बागेत तार पडलेली दिसली तर जवळ जाऊ नका, गुरांनाही जाऊ देऊ नका, वीज कंपनीला 1912 वर कळवा. ते काम माझंही नाही.

आता आरसीसीबीबद्दल लोकांची एक तक्रार, आणि मग उठतो. "बसवली होती, पण पावसात सारखी पडायची, म्हणून काढून टाकली." दर पावसाळ्यात हे मी ऐकतो, आणि काढून देणारे आमच्यातलेच असतात. अहो, ती पडते तेव्हा घरात कुठेतरी गळती असते. गळती शोधायची, डबी काढायची नाही. किंमत म्हणाल तर हंगामातल्या हापूसच्या पेटीएवढी. पेटी आठवड्यात संपते. डबीवर टी लिहिलेलं छोटं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा, लाईट गेली तर डबी जिवंत आहे. नाही गेली तर बदला.

आणि ती पडली तर काय करायचं? सगळे एमसीबी खाली करा. आरसीसीबी वर करा. मग एमसीबी एकेक करून वर. ज्याला वर केल्यावर ती परत पडेल, चोर बहुतेक त्याच लाईनवर. तो एक खाली ठेवा, बाकीचं घर चालू द्या, आणि वायरमनला फोन करा. फक्त आरतीच्या वेळेला करू नका, गणपती आमच्याही घरी असतो. नमस्कार.