चेहरा जगभर, खातं रिकामं : डेबी हॅरीच्या पैशाची गोष्ट

नमस्कार मंडळी. आज सुरुवात एका ड्रेसपासून करते. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा, झेब्र्यासारखा. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कमध्ये काढलेल्या काही फोटोंमध्ये तो दिसतो आणि बघणाऱ्याला वाटतं, कुठल्या तरी महागड्या दुकानातला असणार. तो मुळात उशीचा अभ्रा होता. घरमालकाला कचऱ्यात सापडला, त्याने उचलून आणला, आणि त्या मुलीने तो शिवून अंगात घातला. फोटो काढले तिच्या जोडीदाराने, गिटारवादक ख्रिस स्टाइनने. मुलगी म्हणजे डेबी हॅरी, ‘ब्लाँडी’ या बँडची गायिका. ख्रिसही त्याच बँडमधला.

पुढच्या चार-पाच वर्षांत हा चेहरा जगातल्या सगळ्यात ओळखीच्या चेहऱ्यांपैकी एक झाला. प्रसिद्ध चित्रकार अँडी वॉरहॉलने तिचं चित्र केलं. आणि त्यानंतर काही वर्षांतच करापायी तिचं राहतं घर गेलं. असं कसं झालं, हे आज मला सांगायचं आहे. तिची गाणी मी खूप वर्षं ऐकतेय, पण तिच्या हिशेबाची गोष्ट वाचली तेव्हा मी खरोखर हलले.

आधी थोडी ओळख. जन्म १ जुलै १९४५, मायामी. तीन महिन्यांची असताना न्यू जर्सीतल्या हॅरी कुटुंबाने तिला दत्तक घेतलं. न्यूयॉर्कला आल्यावर तिने बीबीसीच्या तिथल्या ऑफिसात सेक्रेटरीचं काम केलं, ‘मॅक्सेस कॅन्सस सिटी’ या क्लबात वेट्रेस म्हणून ताटं उचलली, प्लेबॉय क्लबातही नोकरी केली. केस स्वतःच ब्लीच करायची. मागे हात पोचायचा नाही, म्हणून मागचे केस काळेच राहायचे. रस्त्यावरून जाताना ट्रकवाले ‘ए ब्लाँडी!’ म्हणून हाका मारायचे, त्यावरून १९७४ मध्ये बँडला नाव मिळालं.

त्या वेळी मॅनहॅटनच्या बावरी भागात ‘सीबीजीबी’ नावाचा एक कळकट क्लब होता. रमोन्स, टॉकिंग हेड्स, टेलिव्हिजन, ब्लाँडी, हे सगळे बँड तिथलेच. पंक म्हणजे रांगडं, साधंसरळ रॉक. त्याचा खडबडीतपणा ठेवून त्यात पॉपची चाल, सिंथेसायझर आणि डिस्कोचा ठेका मिसळायला ज्यांनी कमी केलं नाही, त्यांना लोक ‘न्यू वेव्ह’ म्हणू लागले.

आता ‘हार्ट ऑफ ग्लास’. १९७५ च्या आसपास हे गाणं तयार होतं, बँडवाले त्याला ‘डिस्को साँग’ म्हणायचे. १९७८ मध्ये निर्माता माइक चॅपमनने ते पुन्हा बाहेर काढलं. रोलंड सीआर-७८ नावाची ठेक्याची पेटी आणली. आज फोनवर एका बोटाने होतं ते काम तेव्हा दिवस खायचं, कारण मशीनचा ठेका आणि माणसाचा ठेका एकमेकांत तंतोतंत बसला पाहिजे. म्हणून क्लेम बर्कचे ड्रम सुटे सुटे रेकॉर्ड केले, आधी नुसता पायाचा ड्रम, मग बाकीचे. हेडफोन लावून ऐका, मागे ती पेटी बारीक टिकटिकत असते. १९७९ मध्ये गाणं ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यानंतर ‘कॉल मी’, ‘द टाइड इज हाय’, ‘रॅप्चर’. १९७९ ते १९८१ या काळात अमेरिकेत चार गाणी एक नंबरवर.

मग पैसा गेला कुठे? इथे जरा थांबूया, कारण पाणी इथेच मुरतं.

रेकॉर्ड कंपनी करार करताना कलाकाराला जे पैसे देते त्याला अ‍ॅडव्हान्स म्हणतात. ऐकायला बक्षिसासारखं वाटतं, असते ती उचल. समजा कंपनीने शंभर रुपये दिले. स्टुडिओचं भाडं त्यातून. निर्मात्याचे पैसे, बऱ्याचदा व्हिडिओचा खर्च, दौऱ्यासाठी दिलेली मदत, हे सगळं बँडच्या नावावर उधार. रेकॉर्ड विकली की बँडच्या वाट्याची रॉयल्टी आधी या उधारीत वळती होते. उधारी फिटल्यावर जे सुरू होतं त्यातून मॅनेजरची टक्केवारी, वकील, हिशेबनीस. उरलेल्याचे वाटे, आणि ब्लाँडीत माणसं होती सहा. लोकांना वाटायचं ब्लाँडी म्हणजे एकटी डेबी. इतकं, की बँडला ‘ब्लाँडी इज अ ग्रुप’ असे बिल्ले छापावे लागले. मासिकांच्या मुखपृष्ठावर ती एकटी, पैशाच्या वाटणीत मात्र बाकीचे पाचजणही.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या मते हीच खरी. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक, ते रेकॉर्डिंग. दुसरी, गाणं स्वतः, म्हणजे शब्द आणि चाल. रेकॉर्डिंगचा पैसा वर सांगितलेल्या चाळणीतून गळत येतो. शब्द आणि चालीचा पैसा वेगळ्या वाटेने येतो, जिथे जिथे गाणं वाजेल, दुसरं कुणी गाईल, जाहिरातीत किंवा सिनेमात वापरलं जाईल तिथून. तो लिहिणाऱ्याचा. ‘द टाइड इज हाय’ घ्या. ते डेबीचं गाणं म्हणून आपण ओळखतो, पण लिहिलं जमैकाच्या जॉन होल्टने, साठच्या दशकात, ‘पॅरागॉन्स’ या गटासाठी. २००२ मध्ये ‘अ‍ॅटॉमिक किटन’ या गटाने ते गाऊन ब्रिटनमध्ये पुन्हा पहिल्या क्रमांकावर नेलं, तेव्हाही लेखनाचा मूळ हक्क होल्टचाच होता. उलट ‘हार्ट ऑफ ग्लास’, ‘ड्रीमिंग’, ‘रॅप्चर’ यांवर नावं डेबी आणि ख्रिसची. ‘कॉल मी’चे शब्द डेबीचे, संगीत जॉर्जिओ मोरोडरचं.

आपल्याकडे हाच प्रश्न लताबाईंनी साठच्या दशकात उचलला होता, गायकालाही रॉयल्टीत हिस्सा हवा म्हणून. रफीसाहेबांचं म्हणणं वेगळं होतं, आणि त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गाणंच बंद केलं. इतका हा विषय जिव्हारी लागणारा आहे.

परत न्यूयॉर्कला. १९८२. ‘द हंटर’ हा अल्बम पडला, युरोपचा दौरा रद्द झाला, बँड फुटला. ख्रिस दिवसेंदिवस वाळत चालला होता. निदान झालं पेम्फिगस. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटते, अंगावर, तोंडात फोड येतात, गिळणंसुद्धा जमत नाही. तो बराच काळ हॉस्पिटलात होता. आणि त्याच सुमारास कळलं की त्यांच्या हिशेबनिसाने दोन वर्षं कर भरलेलाच नाही. ती दोन वर्षं कुठली? सर्वाधिक कमाईची. मॅनहॅटनमध्ये बहात्तराव्या रस्त्यावर त्यांचं मोठं घर होतं, ते गेलं. हे सगळं डेबीने पुढे स्वतः सांगितलं आहे, २०१९ च्या आत्मचरित्रातही.

मला इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. ज्या वयात, ज्या क्षणी तिने एकटीचं करिअर रेटायला हवं होतं असं सगळे म्हणतात, तेव्हा ती ख्रिसच्या उशाशी होती. ती ‘संपली’ असं लिहिणाऱ्यांचा मला राग येतो. आजाऱ्याची सेवा करणाऱ्या बाईच्या त्या वर्षांना रिकामी वर्षं म्हणायचं का? १९८६ मध्ये तिचा ‘रॉकबर्ड’ हा अल्बम आला, त्यातलं एक गाणं ब्रिटनमध्ये आठव्या क्रमांकापर्यंत गेलं. १९८७ मध्ये डेबी आणि ख्रिस वेगळे झाले. पण मैत्री तुटली नाही, काम तुटलं नाही, आणि ख्रिसच्या मुलींची ती गॉडमदर झाली. नव्वदच्या दशकात तिने ‘जॅझ पॅसेंजर्स’ या बँडबरोबर छोट्या मंचांवर गायलं. त्या वर्षांत तिने मिळेल ते काम केलं आणि ते नीट केलं.

१९९९ च्या फेब्रुवारीत ब्लाँडी परत आली, ‘मारिया’ घेऊन. ब्रिटनमध्ये थेट पहिला क्रमांक, ‘हार्ट ऑफ ग्लास’नंतर बरोबर वीस वर्षांनी. डेबी ५३ वर्षांची होती. गाणं लिहिलं होतं कीबोर्डवाल्या जिमी डेस्ट्रीने. पुनर्मीलन सगळ्यांचं मात्र झालं नाही. फ्रँक इन्फान्टे आणि नायजेल हॅरिसन हे जुने वादक बाहेर राहिले, कोर्टात गेले, हरले. २००६ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’च्या सोहळ्यात, बँडचा सन्मान होताना, इन्फान्टेने मंचावरूनच विचारलं, आम्हालाही वाजवू द्याल का? डेबीने नकार दिला. मी तिची चाहती आहे, तरी तो क्षण बघताना मला इन्फान्टेचं वाईट वाटतं.

२०२० मध्ये डेबी आणि ख्रिस यांनी १९७ गाण्यांमधला आपला हक्क ‘हिपग्नोसिस’ या ब्रिटिश फंडाला विकला. रक्कम जाहीर केली नाही. असे फंड गाण्यांकडे भाड्याने दिलेल्या फ्लॅटसारखं बघतात, दर महिन्याला काय येणार याचा अंदाज बांधून एकरकमी किंमत देतात. २०२४ मध्ये तो अख्खा फंड ‘ब्लॅकस्टोन’ने विकत घेतला. म्हणजे कचऱ्यातल्या अभ्र्याच्या दिवसांत सुचलेली चाल जगातल्या एका बड्या गुंतवणूक कंपनीच्या वहीत मालमत्ता म्हणून जाऊन बसली. घर, बँड, सगळं गेलं तेव्हाही विकण्याजोगं तिच्या हाती उरलं, ते लिहिलेलं.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी, काकांच्या नाहीतर मामांच्या कपाटात, ब्लाँडीच्या ‘पॅरलल लाइन्स’ या अल्बमची जुनी रेकॉर्ड असेल तर एक करा. कव्हरवर ती पांढऱ्या ड्रेसमध्ये, मागे पाचजण काळ्या सुटात, ते तर दिसेलच. पण तबकडी बाहेर काढा आणि मधलं गोल लेबल बघा. ‘हार्ट ऑफ ग्लास’समोर बारीक अक्षरात दोन नावं असतील. हॅरी, स्टाइन. अभ्रा शिवणारी आणि फोटो काढणारा.