कवडसे, हिरवी झाक आणि कुटुंबाचा फोटो

फळबागेत कुटुंबाचे फोटो काढायचे म्हटलं की सगळ्यांचं लक्ष फळांकडे जातं. फळं काय, आपोआप दिसतात. बिघडतात ते चेहरे, आणि ते बिघडवतं झाडाचं पान. एक तर ते कवडसे पाडतं, आणि वर प्रकाशाला हिरवी झाक देतं.

आधी कवडसे. गालावर उन्हाचा ठिपका आणि शेजारी सावली, यांत सहज दोन-तीन स्टॉपचा फरक पडतो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश). ठिपका सांभाळला तर डोळे काळे पडतात, डोळे उजळले तर ठिपका पांढराफटक होतो. नंतर संपादनात हे दुरुस्त होत नाही, कारण जळलेल्या भागात तपशीलच उरलेला नसतो. म्हणून माणसं झाडाखाली खोलवर उभी करू नका. सावलीच्या कडेला, मोकळ्या आकाशाकडे तोंड करून उभी करा. आधी आपला तळहात तिथे धरून पाहा. हातावर ठिपके दिसले तर चेहऱ्यावरही दिसणारच.

वेळ ठरवण्यापूर्वी झाडांच्या ओळींची दिशा बघा. ओळी पूर्व-पश्चिम असतील तर मावळतीचं ऊन दोन ओळींमधल्या वाटेतून सरळ येतं (ऋतूप्रमाणे थोडं तिरकं) आणि केसांना सोनेरी कड मिळते. ओळी उत्तर-दक्षिण असतील तर तेच ऊन शेजारची झाडं अडवतात. सूर्य ४५ अंशांवर असताना ४ मीटर उंच झाडाची सावली ४ मीटर पडते, म्हणजे अरुंद वाट तेव्हाच झाकली जाते. अशा बागेत सूर्यास्ताची वाट बघत बसलात तर हाती अंधारच येईल. तासभर आधी सुरू करा.

हिरवी झाक जास्त फसवी, कारण जागेवर ती डोळ्यांना जाणवत नाही. वरून पानं, खालून गवत. हनुवटीखाली आणि मानेवर हिरवट छटा बसते. ऑटो व्हाइट बॅलन्सवर (कॅमेऱ्याने स्वतःच ठरवलेल्या रंगसमतोलावर) विसंबू नका. माणसं जिथे उभी राहणार तिथेच ग्रे कार्ड (रंगछटा नसलेलं राखाडी कार्ड) धरून व्हाइट बॅलन्स ठरवा, आणि जागा बदलली की पुन्हा. बसलेल्या माणसांखाली फिकी चादर अंथरली तर खालून येणारा हिरवा प्रकाश बराच तुटतो. कपडे फिके, साधे. निऑन रंग हनुवटीवर उतरतो आणि हिरवा कपडा झाडीत विरून जातो.

आता लेन्स. फुल फ्रेमवर (३६ × २४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ८५ मिमी लेन्सने ६ मीटरवरून साधारण अडीच मीटर रुंदी मिळते, म्हणजे पाच माणसं जवळजवळ उभी राहिली तर मावतात. पायांपर्यंत हवं असेल तर ८ मीटर मागे जा. मागची झाडं धूसर व्हावीत म्हणून ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, फार उघडायचा मोह होतो (एफचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं), तिथेच घोळ होतो. ४ मीटरवर एफ २.८ ला जेमतेम ३७ सेंटिमीटर खोली स्पष्ट राहते; पुढे बसलेली आजी स्पष्ट, मागचा नातू धूसर. दोन रांगा असतील तर एफ ५.६. मुलं पळत असतील तर शटर १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान, आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) बिनधास्त वाढवा. फोटोत थोडे कण दिसले तर चालतात, हललेला चेहरा चालत नाही. सगळ्यांचा एकत्र फोटो पहिल्या वीस मिनिटांत उरकून घ्या, कारण लहान मुलांचा धीर आधी संपतो.

बागमालकाला शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा आणि औषधाच्या लेबलावरचा प्रवेशबंदीचा काळ उलटल्याशिवाय कुणालाही आत नेऊ नका. फुलोऱ्यात मधमाश्या असतात, कुजलेल्या फळांवर गांधीलमाश्या. ठिबकच्या नळ्या गवतात दिसत नाहीत, मागे सरकणारा छायाचित्रकारच त्यांत अडकतो. फांदी ओढून फ्रेममध्ये आणू नका. तिच्यावरचे डोळे (कोंब) तुटले तर पुढचं फळ गेलं.

घरी आल्यावर संपादनात हिरव्या रंगाची पट्टी सरसकट खाली ओढू नका, पानं मेल्यासारखी दिसतात. फक्त त्वचेचा मास्क करून (म्हणजे तेवढाच भाग निवडून) टिंट, म्हणजे हिरवा-मजेंटा समतोल, किंचित मजेंटाकडे (गुलाबी-जांभळ्याकडे) न्या, हनुवटीखाली थोडी जास्त.