चार मीटरच्या आत उभी राहिलेली गाडी

(दृश्य: पुण्यातील एका सोसायटीचे वाहनतळ. सकाळची वेळ.)

सत्तरी ओलांडलेल्या एक आजी मोटारीत बसत आहेत. मोटार बसकी आहे, म्हणजे मागे वेगळी डिकी असलेली, जमिनीलगतची सेडान. आजी आधी गाडीकडे पाठ करतात, एका हाताने दाराची कड धरतात, मान खाली घालतात आणि सगळा भार गुडघ्यांवर तोलत बसू लागतात. शेवटचे वीतभर अंतर मात्र गुडघ्यांना पेलत नाही, तेव्हा त्या स्वतःला आत सोडून देतात. मग पाय एकेक करून आत घ्यायचे, निऱ्या आवरायच्या, दाराच्या फटीत पदर अडकला नाही ना ते पाहायचे. उतरताना हाच क्रम उलटा करावा लागतो आणि त्या वेळी कोणीतरी हात द्यावा लागतो. शेजारीच त्यांच्या मुलाने नुकतीच घेतलेली उंच गाडी उभी आहे. तिची बैठक आजींच्या कमरेच्या जवळपास येते. पलंगाच्या कडेवर टेकावे तशा त्या टेकतात, वळतात आणि दार लावून घेतात.

जाहिरातींमध्ये अशा उंच गाड्या, म्हणजे एसयूव्ही, बर्फातून आणि वाळूच्या टेकड्यांवरून धावताना दिसतात. घरात गाडी कोणती घ्यायची याची चर्चा होते तेव्हा बर्फाचा विषय निघत नाही, आईच्या गुडघ्यांचा निघतो.

भारतात २०१४-१५ या आर्थिक वर्षात सुमारे २६ लाख प्रवासी वाहने विकली गेली आणि त्यांत ‘युटिलिटी व्हेइकल’ या वर्गातील वाहने साधारण साडेपाच लाख होती, म्हणजे पाचात एक. दहा वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, एकूण विक्री ४३ लाखांवर गेली आणि त्यांतील जवळजवळ २८ लाख वाहने या वर्गातील होती. या वर्गात एसयूव्हींबरोबर एर्टिगासारख्या सात आसनी कौटुंबिक गाड्याही मोजल्या जातात, त्यामुळे हा सगळा आकडा एसयूव्हीच्या नावावर टाकणे योग्य नाही. पण हॅचबॅक, म्हणजे मागे वेगळी डिकी नसलेल्या लहान मोटारी, आणि सेडान यांची मिळून विक्री याच काळात १९ लाखांच्या आसपासवरून साडेतेरा लाखांवर उतरली, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

(दृश्य: गॅरेजमधील लिफ्टवर चढवलेल्या दोन गाड्या, खालून दिसणाऱ्या.)

एसयूव्ही म्हणजे काय, हे एकदा खालून पाहून घेतले पाहिजे. मुळातली एसयूव्ही ही जीपची वंशज. पोलादी तुळयांची शिडीसारखी चौकट, त्या चौकटीवर वेगळी बसवलेली बॉडी आणि गरज पडेल तेव्हा चारही चाकांना ताकद देण्याची सोय, अशी ती रचना. बोलेरो, स्कॉर्पिओ, थार या गाड्या आजही शिडीच्या चौकटीवरच उभ्या आहेत. मात्र गेल्या दहा-बारा वर्षांत जी गर्दी उसळली ती या गाड्यांची नाही. ती क्रॉसओव्हरची आहे, म्हणजे साध्या मोटारीच्याच सांगाड्यावर उंच बॉडी बसवून तयार केलेल्या गाडीची.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण टाटा मोटर्सच्या दोन गाड्यांत सापडते. अल्ट्रोझ ही हॅचबॅक आणि पंच ही ‘छोटी एसयूव्ही’ या दोन्ही एकाच ‘अल्फा’ नावाच्या सांगाड्यावर बांधलेल्या आहेत. अल्ट्रोझची लांबी ३,९९० मिलिमीटर, पंचची ३,८२७. म्हणजे एसयूव्ही म्हणवणारी गाडीच आखूड आहे. फरक उभ्या दिशेने पडतो. अल्ट्रोझची उंची १,५२३ मिलिमीटर, पंचची १,६१५. अल्ट्रोझचे पोट जमिनीपासून १६५ मिलिमीटरवर, पंचचे १८७ मिलिमीटरवर. दोन्ही गाड्यांत ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते. या फरकाला टीचभर म्हणता येईल, पण रस्त्यावर सारा हिशेब त्या टीचभरातच होतो.

(दृश्य: गल्लीतील गतिरोधक. चाकाच्या उंचीवरून कॅमेरा.)

रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनुसार गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर आणि उंची १० सेंटिमीटर असावी, म्हणजे ताशी २५ किलोमीटर वेगाने जाणारे वाहन त्यावरून धक्का न बसता जाईल. असा गतिरोधक आपल्या गल्लीत असेल तर त्याचे छायाचित्र काढून ठेवण्यासारखे आहे. प्रत्यक्षात कोणीतरी नगरसेवकाच्या मागे लागून उरलेल्या डांबराचा ढीग रात्रीतून टाकून घेतो, त्यावर रोलर फिरतो न फिरतो, आणि हातभर रुंदीचा, भिंतीसारखा उभा उंचवटा तयार होतो.

आता पाच माणसे आणि डिकीभर सामान घेतलेली सेडान या उंचवट्यावर येते. रिकाम्या गाडीचे पोट जमिनीपासून १६५ मिलिमीटरवर असले तरी ओझ्याने ती दोन-चार बोटे खाली बसलेली असते. पुढची चाके उंचवटा ओलांडून पलीकडे धपकन उतरतात, स्प्रिंगा दबतात, गाडी आणखी खाली येते, आणि नेमक्या त्याच क्षणी उंचवट्याचा माथा तिच्या पोटाखाली असतो. मग तो आवाज येतो. ज्यांनी बसकी गाडी वापरली आहे त्यांना तो ‘खर्र’ असा लांबलेला आवाज झोपेतही ओळखू येईल. दरवेळी काही फुटतेच असे नाही; पण इंजिनाच्या तळाचे ऑइलचे चेंबर एकदा फुटले की गाडी टो करून न्यावी लागते, आणि त्यानंतर मालक प्रत्येक गतिरोधकाला तिरकी गाडी घालू लागतो, एकेक चाक करून. मागचे हॉर्न वाजवतात ते वेगळेच. गणपतीला मुंबईहून कोकणात जाणाऱ्या कुटुंबाने हे सगळे महामार्गाच्या रखडलेल्या कामातून, पावसाने भरलेल्या खड्ड्यांतून आणि शेवटी गावातल्या जांभ्या दगडाच्या पाखाडीपर्यंत अनुभवलेले असते. पुढची गाडी घेताना शोरूममध्ये पहिला प्रश्न “अ‍ॅव्हरेज किती देते?” हा असतो आणि दुसरा “खाली घासणार नाही ना?” हा.

तरीही रस्ते आणि गुडघे एवढ्यावर हे प्रकरण संपत नाही. खराब रस्ते आपल्याकडे पूर्वीही होते. गाड्यांना आजचा आकार देण्यात एका कररचनेचा मोठा वाटा आहे.

(दृश्य: मोजपट्टी घेऊन गाडीच्या पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत चालणारा माणूस.)

२००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लहान मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. लहान मोटार कोणती, तर जिची लांबी चार मीटरपेक्षा जास्त नाही आणि जिचे इंजिन पेट्रोलवर १,२०० सीसीच्या किंवा डिझेलवर १,५०० सीसीच्या आत आहे ती. सवलत लहान गाडीला होती, पण लांबीची अट पुढे साऱ्या उद्योगाची लक्ष्मणरेषा ठरली. २००८ मध्ये टाटांनी इंडिगोची शेपटी कापून तिला चार मीटरच्या आत बसवले. मारुतीची डिझायर २००८ मध्ये ४,१६० मिलिमीटरची होती. २०१२ मध्ये नवी डिझायर आली ती ३,९९५ मिलिमीटरची. सेडानचे सारे देखणेपण तिच्या लांब, निमुळत्या पाठीत असते, आणि कर वाचवण्यासाठी नेमकी तीच कापावी लागली. त्या पहिल्या पिढीतील काही गाड्या मागून पाहिल्या तर डिकी नंतर आठवण झाली म्हणून चिकटवल्यासारखी दिसते, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

लांबी वाढवता येत नसेल तर जागा वाढवायची कुठे? वर. माणूस पाय पसरून बसला तर गाडी लांब लागते. तोच माणूस खुर्चीवर बसल्यासारखा ताठ बसवला तर पायांना कमी लांबी पुरते आणि डोक्यावर उंची लागते. चार मीटरच्या मर्यादेत पाच माणसे आणि सामान बसवायचे असेल तर उभा आकार हेच सोपे उत्तर होते. पुण्याजवळच्या प्रीमियर कंपनीने २००९ मध्ये रिओ नावाची चार मीटरच्या आतली एसयूव्ही आणली होती, पण ती फारशी चालली नाही. २०१३ मध्ये फोर्डची इकोस्पोर्ट आली. मागच्या दारावर टांगलेल्या स्टेपनीसह तिची लांबी होती ३,९९९ मिलिमीटर. एका मिलिमीटरने गाडी कराच्या खालच्या पायरीवर राहिली. मग २०१६ मध्ये ब्रेझा, २०१७ मध्ये रांजणगावला तयार होणारी नेक्सॉन, २०१९ मध्ये व्हेन्यू आणि नाशिकची एक्सयूव्ही-३००, अशी रांगच लागली.

इथे कायद्याची गंमत अशी की या गाड्या त्याच्या लेखी एसयूव्ही नाहीतच. वस्तू व सेवा कराच्या व्याख्येत एसयूव्ही ठरण्यासाठी लांबी चार मीटरहून अधिक, इंजिन १,५०० सीसीहून मोठे आणि पोट जमिनीपासून किमान १७० मिलिमीटर वर, या तिन्ही अटी पुऱ्या व्हाव्या लागतात. म्हणजे लोकांच्या दृष्टीने जी एसयूव्ही, ती सरकारदप्तरी लहान मोटार. याउलट साडेचार मीटरहून लांब, दीड लिटर इंजिनाची होंडा सिटीसारखी सेडान उपकरासह ४५ टक्के कर भरत होती, तेव्हा चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीवर तो २९ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून उपकर गेला आणि हे दर अनुक्रमे ४० आणि १८ टक्के झाले. दोन्ही कमी झाले, पण त्यांच्यातील अंतर १६ टक्क्यांवरून २२ वर गेले. मध्यम आकाराच्या सेडानला यात दिलासा आहे, असे म्हणणाऱ्याने हे अंतरही मोजावे.

आतापर्यंतच्या विवेचनावरून ग्राहक फक्त सोय आणि हिशेब पाहतो असे वाटेल. तसे असते तर वॅगन-आर हीच या देशाची आदर्श एसयूव्ही ठरली असती. १९९९ पासून विकल्या जाणाऱ्या या गाडीची आजची उंची १,६७५ मिलिमीटर आहे, म्हणजे पंचपेक्षाही सहा सेंटिमीटर जास्त. आजी तिच्यातही तितक्याच सहज बसतील. पण वॅगन-आरला कोणी एसयूव्ही म्हणत नाही. म्हटले तर प्रेमाने ‘डबा’ म्हणतात. पंचला चाकांभोवती काळ्या प्लॅस्टिकची जाड कड आहे, बॉनेट आडवे आणि उचललेले आहे, दिवे खाली आणि भुवया वर आहेत. हा चेहरा, ही छाती काढून उभे राहण्याची ढब ग्राहक पैसे देऊन विकत घेतो. शोरूममधील विक्रेते याला ‘रोड प्रेझेन्स’ म्हणतात. आपल्याकडे त्याला ‘वट’ असा चांगला शब्द आहे. २०२४ मध्ये पंच ही देशातील सर्वाधिक खपाची मोटार ठरली, दोन लाख दोन हजारांच्या पुढे, आणि दुसऱ्या क्रमांकावर वॅगन-आर होती, एक लाख नव्वद हजारांच्या वर. पहिल्या दोन्ही गाड्या उभट होत्या, एक वट असलेली आणि एक नसलेली.

एका अर्थी हे नवीनही नाही. २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली अ‍ॅम्बॅसॅडर सुमारे १,६०० मिलिमीटर उंच होती आणि तिच्या सोफ्यासारख्या बैठकीवर आपले आजोबा टोपी न काढता बसत असत.

(दृश्य: पावसाळ्यात पाणी साचलेला रस्ता. एक उंच गाडी पाण्यात शिरते.)

उंचीची किंमतही मोजावी लागते आणि ती शोरूममध्ये कोणी सांगत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ५० ऐवजी १०० किलोमीटरने जाताना तो चौपट होतो. द्रुतगती मार्गावर उंच, रुंद छातीची गाडी हवेला ढकलत जाते तेव्हा तिचे अ‍ॅव्हरेज बसक्या गाडीपेक्षा लवकर उतरते, आणि वळणावर तिचे अंग अधिक कलते. शहरातल्या यांत्रिक वाहनतळांच्या अनेक कप्प्यांत उंच गाडी मावत नाही, म्हणून बांधकाम व्यावसायिक आता ‘सेडान पार्किंग’ आणि ‘एसयूव्ही पार्किंग’ असा भेद करून सांगतात.

सर्वांत घातक आहे तो पाण्याबद्दलचा भ्रम. पोट दोन-अडीच सेंटिमीटर उंच झाले म्हणून गाडी होडी होत नाही. इंजिनाला हवा घेणारे तोंड कुठे आहे यावर सारे अवलंबून असते. पुढच्या गाडीने उडवलेली लाट त्या तोंडात शिरली की पाणी सिलिंडरमध्ये जाते, पाणी दाबले जात नाही, आणि आतला कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी पाण्यातच पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला, तर उरलेसुरले इंजिनही जाते.

वर बसल्याने रस्ता लांबवर दिसतो, हे खरे. समोरच्या गाडीचीही उंची वाढेपर्यंत. त्याच उंचीमुळे बॉनेटच्या अगदी पुढे उभे असलेले लहान मूल चालकाला दिसत नाही. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दुचाकीस्वार ४४.५ टक्के आणि पादचारी १९.५ टक्के होते. उंच गाडी घेताना “सुरक्षित वाटते” असे प्रत्येक जण सांगतो, पण ते आत बसणाऱ्यांविषयी असते.

(दृश्य: पुणे विमानतळाबाहेर, पहाटे. पांढऱ्या टॅक्सींची रांग.)

या रांगेत सेडान अजून भरपूर दिसतात, बहुतेक डिझायर. ज्याला गाडी धंद्याला लावायची आहे तो किलोमीटरमागे किती पैसे सुटतात ते पाहतो, हप्ता पाहतो, सीएनजी किती लागतो ते पाहतो. वट त्याच्या हिशेबात बसत नाही. सिलिंडरने डिकीची अर्धीअधिक जागा घेतल्यामुळे प्रवाशाची एक बॅग तो टपावरच्या कॅरिअरला बांधतो. मागचे दार उघडून धरतो, आणि आत बसणाऱ्या वयस्कर बाईंना म्हणतो, “सावकाश, मावशी. गाडी जरा खाली आहे.”