कामाशिवायची फेरी

(दृश्य: जुलैची सकाळ. मालवणचा किनारा. वर ओढून झापांनी झाकलेल्या होड्या.)

१ जून ते ३१ जुलै. यांत्रिक नौकांची मासेमारी बंद. तारकर्लीची वाळू रिकामी, खानावळींच्या चुली थंड. धंद्याचे दिवस नव्हेत हे.

नेमक्या ह्याच दिवसांत एक बाई छत्री घेऊन घराबाहेर पडतात. मालवणजवळच्या वाडीत त्यांच्या घरी पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत आणि मागच्या पडवीत आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि आमसुलांचा उद्योग. पिशवीत आज विकायला काही नाही. फणसपोळीचा एक पुडा, तेवढाच.

(दृश्य: होडीवाल्याचं घर. ओटीवर जाळं विणणारे हात.)

"काय गे, आज वाट चुकलंस?" होडीवाल्याची आई विचारते.

"काम काय नाय. सहज इलंय."

हे 'सहज' त्यांना फार उशिरा सापडलं. पहिल्या वर्षी मुंबईच्या एका प्रदर्शनात त्यांनी गठ्ठाभर व्हिजिटिंग कार्डं गोळा केली. गावी आल्यावर सगळ्यांना एकच दरपत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं. उत्तर एकाचंही आलं नाही. ऑर्डर आली ती भलतीकडूनच. दादरच्या एका दुकानदाराशी त्या तासभर बोलल्या होत्या. त्याची आमसुलं पावसाळ्यात बुरसतात, ती का, एवढंच. रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, सालं रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात सुकवावी लागतात. मे महिन्यातली दोन उन्हं चुकली की माल ओला राहतो. हे त्यांनी त्याला समजावून सांगितलं, आपला माल पुढे केलाच नाही. दिवाळीआधी त्याचाच फोन आला.

सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा अभिमान आहेच. पण दुकानदार फोन लावतो तो माणसाला. आणि एखाद्या वर्षी अवकाळी पावसानं रातांबा गळला, तर "यंदा माल कमी आहे, निम्माच देईन" हे स्वतःहून, वेळेत सांगणाऱ्या माणसाला तो पुढच्या वर्षी विसरत नाही. माझ्या मते ओळखीची खरी परीक्षा इथेच होते.

(दृश्य: भरलेली खोली, दारात चपला. मे महिना, जुनं चित्रण.)

मे महिन्यात खोल्या भरल्या की त्या पाहुण्याला परत पाठवत नाहीत. शेजारच्या वाडीतल्या वयनीला फोन करतात. कमिशन घेत नाहीत. मात्र एक विचारतात: "तुझ्याकडे आज पाणी आहे ना?" कारण पाहुणा तिथे गैरसोयीत राहिला, तर शब्द दोघींचाही जातो. होडीवाल्याचंही तसंच. लाइफजॅकेट न देणाऱ्याकडे त्या कोणालाच धाडत नाहीत, मग तो नात्यातला का असेना.

त्यांच्या वहीत दरांच्या शेजारी इतर नोंदी असतात. कोणाचा मुलगा बारावीला आहे, कोणत्या घरी गणपती दीड दिवसाचा, कोणता चाकरमानी सामान घेऊन कोणत्या गाडीनं येतो.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आलं. माड पडले, कौलं उडाली, विजेचे खांब आडवे झाले. त्यांच्या पडवीचं छप्पर गेलं आणि सुकत घातलेली सालं भिजली. दुसऱ्या सकाळी होडीवाला दोन माणसं आणि करवत घेऊन हजर. वयनीनं आपली ताडपत्री दिली. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं.

(दृश्य: पुन्हा होडीवाल्याची ओटी. पाऊस. चहाचे पेले.)

आता तासभर झाला. बोलणं मुलीच्या कॉलेजवरून आणि होडीच्या इंजिनाच्या दुरुस्तीवरून फिरत राहिलंय. धंद्याचा विषय अजून निघालेला नाही. निघताना म्हातारी टाकळ्याची जुडी त्यांच्या पिशवीत कोंबते. पुड्यातल्या निम्म्या फणसपोळ्या उरल्या आहेत.

वयनीचं घर पऱ्ह्यापलीकडे, पावसाळी ओढ्याच्या त्या बाजूला. छत्री उघडते.