घोड्याच्या नावाचं आम्ल

कुणी नुकतंच जेवून आलं असेल तर आधीच माफी मागतो, कारण आज मी बराच वेळ लघवीबद्दल बोलणार आहे.

सुरुवात पोटदुखीपासून करू. पंचविशीतला मुलगा. सहा-आठ महिने पोट दुखतंय, वजन उतरलंय, संध्याकाळी कणकण येते. कुणी आव पडलीय म्हणून औषध दिलेलं असतं, कुणी उष्णता म्हणून. शेवटी कोलोनोस्कोपी, म्हणजे खालून दुर्बीण. आदल्या रात्री ते पोट साफ करायचं खारट पाणी पिऊन पोरगं अर्धमेलं झालेलं असतं. दुर्बिणीत लहान आणि मोठं आतडं मिळतं तिथे व्रण दिसतात, आणि इथेच गाडी अडते. हा क्रोन्स आहे, म्हणजे जंतूंच्या लागणीशिवाय आतड्याला वर्षानुवर्षं सूज ठेवणारा आजार, की आतड्याचा टीबी?

दोघांची आवडती जागा तीच. तुकडा काढून तपासला तर दोन्हींत ग्रॅन्युलोमा, म्हणजे सुजेतल्या पेशींच्या बारीक गाठी, सापडू शकतात. क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारं स्टिरॉइड दिलं आणि निघाला टीबी, तर तो पसरतो. उलट टीबीची औषधं देत बसलो आणि होता क्रोन्स, तर तेवढे महिने आतडं आतून अरुंद होत राहतं. आपल्याकडे कित्येकदा टीबीची औषधं सुरू करून, काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण घालून, व्रण भरले का ते बघावं लागतं. रुग्णावर प्रयोगच तो, दुसरं काय.

म्हणून डबीभर लघवीतून निदान होईल असं कुणी म्हटलं की आम्ही कान टवकारतो. लघवी, रक्त, शौच यांत चयापचयातून तयार झालेले शेकडो लहान रेणू असतात. त्यांची एकदम मोजदाद केली की मिळतो तो मेटाबोलिक प्रोफाइल. त्यासाठी एनएमआर नावाचं यंत्र वापरतात. एमआरआयचंच तत्त्व, फक्त चुंबकात माणसाऐवजी बारीक नळी जाते. कागदावर शिखरांची रांग उमटते आणि प्रत्येक रेणूची शिखरं ठरलेल्या जागी येतात.

त्यातलं एक शिखर हिप्पुरेटचं. लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1829 मध्ये घोड्याच्या लघवीत हे आम्ल ओळखलं. ग्रीकमध्ये हिप्पोस म्हणजे घोडा, त्यावरून हे नाव. आपल्यात ते तयार होतं ते भागीदारीत. फळं, भाज्या, चहा यांतल्या पॉलिफेनॉल नावाच्या वनस्पतीजन्य रसायनांपासून आतड्यातले जिवाणू जे तयार करतात, त्यातून बेंझोएट मिळतं. यकृत त्याला ग्लायसीन जोडतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. म्हणजे लघवीतलं हिप्पुरेट ही बऱ्याच अंशी जिवाणूंच्या कामाची पावती.

2009 मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने दाखवलं की क्रोन्सच्या रुग्णांत ही पावती कमी रकमेची असते. पण लबाडी कुणाची, जिवाणूंची की यकृताची? पुढच्या वर्षी त्यांनी जो प्रयोग केला तो मला फार आवडतो. क्रोन्सचे 16 रुग्ण आणि 16 निरोगी माणसं. सगळ्यांना बेंझोएट कमी असलेला आहार दिला. तरी रुग्णांचं हिप्पुरेट कमीच. मग सगळ्यांना सोडियम बेंझोएट पाजलं, आणि फरक नाहीसा झाला! यकृत आपलं काम चोख करत होतं, त्याला कच्चा मालच पोचत नव्हता. शौचाच्या तपासणीतही असंच काहीसं दिसतं. जिवाणू अन्नातल्या तंतूंपासून जे ब्युटिरेट बनवतात, मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य इंधन, ते क्रोन्ससारख्या आजारांत कमी आढळलंय.

मग ही चाचणी आपल्या लॅबमध्ये का नाही? एक कारण तुमच्या हातातल्या कपात आहे. चहा प्यायला की हिप्पुरेट वाढतं. सरबताच्या किंवा सॉसच्या बाटलीवर सोडियम बेंझोएट लिहिलेलं असतं, त्यानेही वाढतं. अँटिबायोटिक घेतलं की घटतं. आणि आमच्याकडे पोचेपर्यंत रुग्णाने दोन-तीन कोर्स केलेले असतातच.

याहून मोठी अडचण प्रश्नाचीच आहे. निरोगी माणूस आणि क्रोन्सचा रुग्ण यांच्यात फरक करायला मला यंत्र कशाला हवं? समोर बसलेला निरोगी नाही हे त्याच्या आईलाही कळतं. आतड्याला सूज आहे का, हे शौचातलं कॅलप्रोटेक्टिन आजही सांगतं. पांढऱ्या पेशींमधलं प्रथिन ते, साध्या लॅबमध्ये मोजता येतं. सूज कशाची, हे मात्र ते सांगत नाही. टीबीचा रुग्णही खात नाही, त्याचंही वजन उतरतं, त्याच्याही आतड्यातले जिवाणू बदलतात. हिप्पुरेट दोघांतही कमी निघालं, तर मी होतो तिथेच.

म्हणून एका शिखरावर न थांबता शिखरांची अख्खी रांग बघायला हवी. आणि तुलना क्रोन्सची टीबीशी हवी, एकही गोळी पोटात जाण्याआधी घेतलेल्या नमुन्यांवर, आदल्या दिवशीचं खाणंपिणं लिहून ठेवून. नमुने लगेच गोठवायला हवेत, नाहीतर डबीतले जिवाणू आपल्या आधी त्यावर ताव मारतात. टीबीचे रुग्ण इतक्या संख्येने लंडनला मिळणार नाहीत. हे काम आपल्याच रुग्णालयांतून व्हायला हवं.

तोवर ते खारट पाणी प्यावंच लागेल. कुणी त्याची नुसती चव सुधारली, तरी माझे रुग्ण दुवा देतील.