बॅटरी मरते मे महिन्यात, कळतं डिसेंबरात

(वरूड भागातल्या पिकअप मालक-चालकांपुढे एका ऑटो इलेक्ट्रिशियनने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

भाऊ हो, आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली की पहाटे माझ्या दुकानासमोर पिकअपची रांग लागते. गाडीत कॅरेट भरलेले असतात, नागपूरला कळमन्याच्या मार्केटला वेळेत पोचायचं असतं, आणि सेल्फ मारला तर नुसतं ‘कट्ट’ वाजतं. मग पहिला प्रश्न ठरलेला, “काऊन बाप्पा, कालपर्यंत तं बरी चालू होती!” आणि त्याच दमात दुसरा, “कोणती बॅटरी टाकू, लवकर सांग.” मला आज दुसऱ्या प्रश्नावर बोलायला सांगितलंय. पण पहिलं समजल्याशिवाय दुसऱ्याचं उत्तर देता येत नाही.

आपल्याकडची बॅटरी थंडीनं मरत नाही. ती एप्रिल-मेमध्येच जाते. अकोल्याला, चंद्रपूरला पारा ४५-४६ वर चढतो, आणि तो सावलीतला पारा. बॉनेटखाली तापलेल्या इंजिनाशेजारी काय होत असेल, विचार करा. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीच्या आतली रासायनिक झीज साधारण दुप्पट वेगानं होते. शिशाच्या प्लेटांची जाळी गंजते, पाणी उडून जातं. तरी गाडी चालू होत राहते, कारण उन्हाळ्यात ऑइल पातळ असतं आणि सेल्फला फार जोर लावावा लागत नाही. डिसेंबरात पहाटे पारा ८-१० अंशांवर येतो. ऑइल घट्ट होतं, गार बॅटरीची ताकद घटते, आणि डिझेल इंजिनाला तर हवा सोळा-अठरा पट दाबायची असते. त्या क्षणी सेल्फ दोन-तीनशे अँपियर मागतो. उन्हाळ्यात लागलेलं दुखणं तेव्हा बाहेर पडतं. म्हणून आपल्या भागात बॅटरी घ्यायची ती उन्हाचा हिशोब करून.

पण घ्यायच्या आधी जुनी का गेली ते बघा. साधा मल्टिमीटर प्रत्येक गाडीत असायला पाहिजे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काही चालू न करता मोजा. १२.६ व्होल्टच्या वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. रिकामी म्हणजे खराब नव्हे, आधी चार्जिंगला लावून बघा. चार्ज करूनही काटा १०.५ च्या आसपासच अडला तर मात्र समजा. आत सहा सेल असतात, प्रत्येकाचे २.१ व्होल्ट. एक सेल गेला की बारा-सहातून दोन-एक वजा होतात, आणि मग त्या बॅटरीवर पैसा घालू नका.

मग इंजिन चालू करून बॅटरीवर मोजा. १३.८ ते १४.४ असेल तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा डबा, ठीक. हेडलाइट लावल्यावरही तेरावरच घुटमळत असेल तर बेल्ट, नाहीतर अल्टरनेटर बघावा लागेल. १४.८ च्या वर जात असेल तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलेला आहे, तो नवीन बॅटरीही उकळून टाकेल. राहिली अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाला जोडलेली केबल. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर ठेवा आणि एकाला सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर दोष अर्थिंगच्या केबलमध्ये आहे, बॅटरी बिचारी उगाच बदनाम होते. निम्मी गिऱ्हाइकं इथूनच परत जायला हवीत, असं मी म्हणतो आणि माझा मुलगा कपाळाला हात लावतो.

उभ्या गाडीत काही चालू राहतं का, तेही बघा. टेप, जीपीएस, नंतर जोडलेले लाइट. नुसता अर्धा अँपियर जात असेल तर चोवीस तासांत १२ अँपियर-तास गेले. ७० अँपियर-तासांची बॅटरी तीन दिवसांत अर्धी होते.

आता खरेदी. अँपियर-तास म्हणजे एएच, बॅटरीत मावणारा साठा. गाडीच्या कंपनीनं दिले तितके घ्या. कमी घेऊ नका. ट्रेमध्ये नीट बसत असेल तर थोडे जास्त चालतात. मोठ्या बॅटरीनं अल्टरनेटर जळतो हे खरं नाही. मात्र उगाच मोठी घेऊन पैसे वाया घालवण्यात अर्थ नाही. लेबलवरचा कोड वाचायला शिका. समजा ८०डी२६आर लिहिलंय. त्यातले २६ म्हणजे लांबी, सेंटीमीटरमध्ये. शेवटचा आर किंवा एल सांगतो की पॉझिटिव्ह खुंटी कुठल्या बाजूला आहे. हे जुळलं नाही तर केबल पुरत नाही, मग ओढाताण करून लावतात आणि ती खड्ड्यांत सुटते. पॉझिटिव्हची खुंटी निगेटिव्हपेक्षा थोडी जाड असते, तेही लक्षात ठेवा.

दुकानदार सीसीए दाखवतो, म्हणजे थंडीत सुरू करण्याची ताकद. हा आकडा उणे अठरा अंशांवर मोजलेला असतो. आपल्याला तितकी थंडी माहीतच नाही. कंपनीनं मागितला तेवढा आकडा असू द्या, त्याच्या मागे धावू नका. त्याच आकाराच्या डब्यात तो वाढवायचा तर पातळ प्लेटा जास्त संख्येनं घालाव्या लागतात, आणि पातळ प्लेट आपल्या उन्हात लवकर गंजते. एकाच आकाराच्या दोन बॅटऱ्या हातात उचलून बघा. जड ती, बहुतेक वेळा, जास्त शिशाची.

सगळ्यात जास्त वाद मेंटेनन्स फ्री की झाकणवाली यावर होतो. बंद बॅटरीत पाणी घालायची सोयच नसते, आणि आपल्या मेमध्ये पाणी त्यातूनही उडतं, फक्त हळू. ज्याला महिन्याला झाकणं उघडून बघायची सवय आहे त्यानं झाकणवाली घ्यावी, माझं मत स्पष्ट आहे. ज्याच्या गाडीवर चार ड्रायव्हर बदलतात त्यानं बंद घ्यावी, कारण त्या गाडीत पाणी कोणी बघणार नाही. बंद बॅटरीवरच्या चार्ज दाखवणाऱ्या हिरव्या डोळ्यावर भरवसा ठेवू नका, तो एकाच सेलचं सांगतो.

आणि पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं नाही, घरच्या आरओचंही नाही. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी ज्यानं तोंडात घेतलंय त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. तो क्षार प्लेटांत जातो आणि तिथंच राहतो. प्लेटा बुडतील इतकंच भरा. ॲसिड कधीही टाकू नका. उडतं ते पाणी, ॲसिड आतच असतं. झाकणं उघडी असताना बिडी लांब ठेवा, चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

निर्मितीची तारीख दुकानदाराला विचारा आणि कोड त्याच्याकडूनच वाचून घ्या. काही महिने रॅकवर पडलेली बॅटरी आपोआप उतरते. तिथंच मीटर लावा, १२.४ च्या खाली असेल तर दुसरी मागा. वॉरंटी ‘२४ अधिक २४’ असेल तर पहिल्या २४ महिन्यांत फुकट बदलून, पुढच्या २४ मध्ये फक्त काही टक्के सूट. मालवाहू गाडीला मुदत वेगळी असू शकते, कार्ड वाचून घ्या. त्यावर शिक्का आणि गाडीचा नंबर टाकून घ्या.

इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी पिकअपला लावणारे हुशारही आपल्यात आहेत. ती बारीक धार तासन्‌तास देते, सेल्फला हवा असलेला झटका देणं तिचं काम नाही. उलट लग्नात डीजे गाडीच्या बॅटरीवर वाजवणारेही आहेत. सेल्फची बॅटरी दोन-चार वेळा तळापर्यंत उतरली की गेली.

बसवताना निगेटिव्ह आधी काढा, शेवटी लावा. खालचा क्लॅम्प घट्ट आवळा, शेतरस्त्याच्या हादऱ्यानं प्लेटांचा लेप झडतो. आणि इंजिनाची उष्णता अडवणारं बॅटरीवरचं कव्हर मिस्त्रीनं काढून फेकलं असेल तर नवीन टाका. आपल्या उन्हात ते कव्हर बॅटरीइतकंच कामाचं आहे.

मोठ्या ट्रकवाल्यांसाठी दोन शब्द. तुमच्या २४ व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. एकच बदलू नका. बैलजोडीत एक थकलेला असला की दुसऱ्याची मान सोलते, तसंच होतं. करंट दोघींतून सारखाच वाहतो आणि रेग्युलेटरला फक्त बेरीज दिसते, त्यामुळे एक उकळते आणि दुसरी उपाशी राहते. एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या, एकाच वेळी घ्या. आणि कॅबिनमधल्या टेपसाठी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट ओढू नका, त्यासाठी कन्व्हर्टर मिळतो.

जुनीचं काय करायचं? सेल्फ घेत नाही पण सगळे सेल जिवंत आहेत, अशी बॅटरी शेताच्या कुंपणाच्या झटका मशीनला चालते. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) हटवायला फार करंट लागत नाही. पण गाडीतली चांगली बॅटरी रात्री मशीनला आणि सकाळी गाडीला, हा खेळ करू नका. पार मेलेली असेल तर अंगणात फोडू नका, ॲसिड आणि शिसं मातीत जातं, आणि तिथंच लेकरं खेळतात. ती दुकानातच द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. शिसं पुन्हा वितळवून वापरतात, म्हणून जुनीला किंमत असते, बहुतेक वजनावर. दोन दुकानांत भाव विचारा, आणि ती रक्कम पावतीवर वेगळी लिहून घ्या.